खाण वाढवण्याआधी पांढरी पाहून घ्या

मैंदर्गीच्या बाजारात माझे कापडाचे दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा ओळखीची माणसे गादीवर येऊन टेकतात आणि आपापल्या धंद्याची गाऱ्हाणी सांगतात. गेल्या उन्हाळ्यात असाच एक खडी क्रशरवाला आला. त्याच्या वडिलांची आणि माझी जुनी दोस्ती, म्हणून तो मला चाचा म्हणतो. त्याने सातबाराचा उतारा माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, बयाणा देऊन टाकू का?

हकिगत अशी. त्याची खाण आता खोल गेली आहे. खाली पाणी लागते, पंप चालवावा लागतो, वर गाडी चढवायला डिझेल जास्त जाते. शेजारच्या गटातली तीन एकर जमीन खाणीला लागूनच आहे. तिकडे सरकले तर दगड वरच मिळेल. जमीनमालक राजी आहे. पोकलेनचा हप्ता डोक्यावर आहे, म्हणून घाई. अडचण एकच. त्या जमिनीच्या एका कोपऱ्यात उंचवटा आहे. तिथली माती आसपासच्या काळ्या मातीसारखी नाही, राखेसारखी पांढुरकी आहे. नांगरताना खापऱ्या निघतात, कधी जाडजूड विटांचे तुकडे निघतात. मालकाचा म्हातारा बाप त्या जागेला कानडीत 'हाळूर' म्हणतो.

मी म्हटले, आधी तो कोपरा नीट पाहून घे. त्यावर तो आपल्या दखनीत म्हणाला, "चाचा, पत्थर का धंदा है. पुरानी खापरां देखते बैठे तो पेट कैसा भरना?"

त्याचा सवाल खोटा नव्हता, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे असे वाटले. आपल्या वाचकांत खाणपट्टेवाले, क्रशरवाले, ट्रकवाले, मुरूम-डबर पुरवणारे पुष्कळ आहेत. रस्त्यांची कामे निघाली की खडीची मागणी वाढते आणि खाणी पुढे सरकतात. पुढे सरकताना मोजणी होते, दगडाची प्रत पाहिली जाते, ब्रासचा हिशेब होतो. त्या जमिनीवर पूर्वी काय होते, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. मी स्वतः तरुणपणी एका गिरणीची थाने न उलगडता उचलली होती. वरचा पट्टा लख्ख होता, आत ओल खाल्लेली होती. तेव्हापासून थान उलगडल्याखेरीज मी पैसे मोजत नाही. तीन एकर जमीन घेणाऱ्याने तिची घडी न मोडता सौदा करावा, हे मला पटत नाही.

काळा दगड आणि वरची माती

खाणवाल्यांच्या मनात एक भीती असते की पुरातत्त्वाची पाहणी म्हणजे वर्षानुवर्षांचे काम. आपल्या भागापुरती ही भीती फुगवलेली आहे. सोलापूर जिल्ह्यातला काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थंड झालेला लाव्हा आहे. तेव्हा माणूस पृथ्वीवर नव्हता. म्हणजे अखंड काळ्या दगडाच्या पोटात माणसाच्या हातची वस्तू सापडण्याचा प्रश्नच नाही. जे काही असेल ते दगडाच्या वर, माती आणि मुरमाच्या थरात. दोन हात, चार हात, फार तर उंचवट्याच्या जागी आणखी थोडे. पण नेमकी हीच माती खाणवाल्याच्या लेखी कचरा. पहिल्या दिवशी डोझर लावून तो ती एका बाजूला लोटतो आणि दगडाला हात घालतो. जे पाहण्यासारखे होते ते पहिल्याच दिवशी संपते, आणि पुढची दहा वर्षे दगड फोडताना काही सापडले नाही म्हणून त्याला वाटते की तिथे काही नव्हतेच.

सगळीकडे हा नियम लागू नाही. नदीकाठची वाळू, गोटे, गाळ यांची गोष्ट निराळी. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळ ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्या थरांशी निगडित अशी आदिमानवाची दगडी हत्यारे अभ्यासकांना मिळाली. कुकडीचे पाणी घोडनदीतून शेवटी आपल्या भीमेलाच मिळते. तेव्हा नदीच्या गाळाची खाण असेल तर वरवर पाहून भागत नाही, खोलवर लक्ष ठेवावे लागते.

कोकणात तर दगडाचा पृष्ठभागच मोलाचा. रत्नागिरी, राजापूर, सिंधुदुर्ग भागातल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर प्राचीन माणसाने हत्ती, मासे, मोर, माणसे कोरून ठेवली आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच आहे आणि त्याच्या अंगात दुसरे कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. या खोदचित्रांच्या खाचांत माती आणि गवत भरलेले असते, झाडून काढल्याशिवाय ती डोळ्यांना दिसत नाहीत. त्याच सड्यांवर चिरेखाणी आहेत. चिरा कापण्याचे यंत्र वरूनच सुरू होते. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ही चित्रे नोंदवली आणि २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या या ठिकाणांचा समावेश झाला. नोंद होण्याआधी किती चित्रे चिऱ्यांच्या रूपाने घरांच्या भिंतींत गेली, ते सांगायला आता पुरावा उरलेला नाही. चिरेखाणवाल्याला तरी काय दोष द्यावा? त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आमच्या खडीवाल्या मित्राला कोकण लांबचे वाटले. म्हणून त्याला बळ्ळारीची गोष्ट सांगितली. बळ्ळारीजवळ कुपगल गावाला लागून हिरेगुड्डा नावाची टेकडी आहे. तिच्या खडकांवर नवाश्मयुगातल्या पशुपालकांनी बैल आणि माणसे कोरली आहेत. काही खडकांवर दुसऱ्या दगडाने ठोकले तर घंटेसारखा नाद निघतो, आणि ठोकून ठोकून पडलेल्या जुन्या वाट्या त्यांवर दिसतात. दगडी कुऱ्हाडी तयार करण्याचा मोठा कारखानाच त्या टेकडीवर होता. या चित्रांची नोंद १८९२ साली फॉसेट या इंग्रज अधिकाऱ्याने छापली होती. पुढे ती जागा अभ्यासकांना सापडेना, आणि या शतकाच्या सुरुवातीला निकोल बोइव्हिन व रवी कोरिसेट्टर यांनी ती पुन्हा नोंदवली, तेव्हा टेकडीवर दगडखाणी चालू होत्या आणि काही भाग फुटून गेला होता. शंभर वर्षांपूर्वी छापलेली माहिती होती, ती खाणीची परवानगी देणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचली नव्हती. तो दगड खडी होऊन कोणत्या रस्त्यात गेला असेल, खुदा जाणे.

बेचिराग

आता आपल्या भागाकडे येतो. जुन्या महसुली दप्तरात एक शब्द भेटतो, 'बेचिराग'. मी उर्दू शाळेत शिकलो, त्यामुळे हा शब्द पाहिला की थबकतो. बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही. गाव उठून गेले, वस्ती संपली, शेतसारा मात्र चालू राहिला, अशा गावाला दप्तरात बेचिराग म्हणत. दुष्काळ, रोगराई, लढाया, पाणी आटणे, कारणे अनेक. वस्ती जाते पण माती राहते. शेकडो वर्षांच्या चुली, गोठे, पडलेल्या मातीच्या भिंती यांची मिळून ती पांढुरकी माती होते. म्हणून तर मराठीत शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पुरातत्त्ववाले महाराष्ट्रात नव्या गावी गेले की आधी पांढरी कुठे आहे ते विचारतात. शेतकरी ही माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात टाकत आला आहे, त्यात अर्ध्या पांढऱ्या संपल्या.

मैंदर्गीत कानडी आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात, आणि कानडी नावे तर जास्तच स्पष्ट बोलतात. हाळ म्हणजे उजाड, ऊर म्हणजे गाव. म्हाताऱ्याने 'हाळूर' म्हटले तेव्हा त्याने एका शब्दात सगळा अहवाल दिला होता. यादगीर जिल्ह्यात बूदिहाळ नावाचे ठिकाण आहे. बूदि म्हणजे राख. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी १९९० च्या दशकात तिथे उत्खनन केले, तेव्हा तो राखेचा ढीग म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्यांनी जाळलेल्या शेणाचा ढीग निघाला, आणि त्याभोवती त्यांची वस्ती निघाली. त्याच जिल्ह्यातल्या इसामपूरला याच संशोधकांना आदिमानवाची दगडाची खाण मिळाली. सुमारे बारा लाख वर्षांपूर्वी तिथे माणूस चुनखडीच्या फरशा निवडून हत्यारे घडवत होता. खाणीचा धंदा कापडाच्या धंद्यापेक्षा जुना आहे हे मला त्या दिवशी मित्रापुढे कबूल करावे लागले.

आपल्याच जिल्ह्यात, दक्षिण सोलापूर तालुक्यात बोरामणीच्या माळरानावर लहान दगडांची एकात एक अशी पंधरा वलये असलेले चक्रव्यूहासारखे गोल बांधकाम असल्याची बातमी २०२५ च्या डिसेंबरात आली. व्यास सुमारे ५० फूट. वन्यजीव पाहत फिरणाऱ्या निसर्गप्रेमींच्या ते नजरेस पडले आणि अभ्यासकांनी ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे असावे असा अंदाज केला. ही वलये जमिनीपासून बोटभर उंच. माळ सपाट करायला निघालेल्या डोझरवाल्याला ती दिसलीही नसती. भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. आज मराठीचा सर्वांत जुना कालोल्लेख असलेला लेख म्हणून त्याचे नाव घेतले जाते. भीमेच्याच काठी, खाली कर्नाटकात सन्नती येथे १९८६ साली देवळाचे छप्पर पडले आणि मूर्तीखालचा दगड हलवला, तर त्यावर सम्राट अशोकाचे लेख निघाले. कोरीव दगड कुठे कशाखाली पडलेला असेल, याचा भरवसा नसतो.

आपल्या समाजाच्या वाचकांनी आणखी एक लक्षात घ्यावे. भीमेच्या काठी गुलबर्ग्याच्या दक्षिणेला फिरोजशहा बहमनीने इ. स. १४०० च्या सुमारास फिरोजाबाद वसवले. आज तिथे तटाच्या आत शेते आहेत आणि मधूनमधून पडक्या इमारती. अशा जागी घडलेला दगड तयार मिळतो म्हणून त्याच्याकडे हात लवकर जातो. गावोगावी माळावर कुंपण नसलेली जुनी कबरस्ताने आहेत, ज्यांची नोंद उताऱ्यावर नाही. फारसी-अरबी लेखाचा दगड दिसला तर तो उचलून मशिदीच्या ओसरीत आणून ठेवण्याचीही घाई करू नये. जागेवरून हलला की त्याची अर्धी साक्ष गेली. जागेवरच फोटो काढावा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेख वाचणारी शाखा नागपूरला आहे, तिकडे पाठवावा.

पाहणी करायची कशी

दोन दिवसांनी मी त्याच्याबरोबर त्या जमिनीवर गेलो. नांगरट झालेली होती, हे बरे झाले. नांगरट नसेल तर पहिला पाऊस पडून गेल्यावर जावे, खापऱ्या धुऊन वर येतात. आम्ही बांधापासून बांधापर्यंत, दहा-दहा पावलांच्या अंतराने सरळ रेषेत चाललो. दोन एकरभर एक खापरी दिसली नाही. उंचवट्याकडे आलो तशा त्या दाट झाल्या. लाल, काळ्या, काही चांगल्या गुळगुळीत. शंखाच्या बांगडीचा एक तुकडा. हाडाचे तुकडे. म्हातारा बांधावर बसून आम्हाला हसत होता.

मग त्याने आपलीच चार माणसे लावली आणि हाताने, यंत्राने नव्हे, चार ठिकाणी हात-दीड हात रुंदीचे खड्डे घेतले. तीन खड्ड्यांत काळी माती, मग मुरूम, मग खडक. उंचवट्याच्या कडेच्या चौथ्यात मात्र राखेचा पट्टा, त्याखाली चोपलेली जमीन, पुन्हा राख. कापडाच्या गठ्ठ्यासारखे थर एकावर एक. फोटो काढले आणि तो खड्डा तिथेच बुजवला. आणखी खणण्याचा मोह झाला, पण ते आपले काम नव्हे. थर कोणत्या क्रमाने पडले, यावरच जाणकार काळ ठरवतो, आणि फावड्याने तो क्रम मोडला की सोन्याची मोहोर हाती लागली तरी ती मुकी.

सोन्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, अशा जागेची बातमी गावात गुप्तधन म्हणून पसरू देऊ नये. रात्री कुदळी घेऊन येणाऱ्यांनी पांढरीची जेवढी नासाडी केली, तेवढी खाणींनीही केली नसेल.

कायदा काय म्हणतो

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकाम व खाणकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीची अट, हे १९९२ च्या अधिसूचनेने आले आणि २०१० च्या दुरुस्तीने १९५८ च्या कायद्यात पक्के झाले. मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण अनुमती लागते, आणि जवळपास ऐतिहासिक व सांस्कृतिक महत्त्वाची ठिकाणे आहेत का, हे त्या प्रक्रियेत सांगावे लागते. अर्ज भरून देणारे सल्लागार पुष्कळदा जागा न पाहता 'नाही' लिहितात. सही मात्र खाणवाल्याची असते.

जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र कायदा रिकाम्या हाताने पाठवत नाही. दुसरा कोणी हक्कदार नसेल आणि वेगळा करार नसेल तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारने वस्तू स्वतःकडे ठेवली तर मालाच्या किमतीवर एक पंचमांश जास्त द्यावे लागते.

खरी त्रुटी निराळी आहे. हे सगळे वस्तूंबद्दल झाले. पांढरीची राख, चुलीची जागा, खापऱ्यांचे थर यांना बाजारात किंमत नाही. संरक्षित यादीत नसलेल्या अशा जागेची माहिती देणाऱ्या खाणवाल्याला काही मिळत नाही, उलट काम अडकण्याची धास्ती राहते. गप्प बसणाऱ्याचे काही बिघडत नाही. शासन लिलावाने खाणपट्टे देते तेव्हा बोली लावण्याआधीच त्या गटाची पाहणी करून कागद जोडला, तर छोट्या माणसावर हा बोजा पडणार नाही. हे काम सरकारचे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. पण ते होईपर्यंत बयाणा आपल्या खिशातून जातो.

विलायतेत ही जबाबदारी धंद्यावरच टाकलेली आहे. १९९० पासून इंग्लंडमध्ये नवी खाण किंवा खाणीची वाढ मागणाऱ्याने आधी जुने नकाशे, कागद पाहायचे, जागा चालून पाहायची, गरज पडल्यास परीक्षणाचे चर घ्यायचे, आणि मगच परवानगीचा विचार. पीटरबरोजवळ मस्ट फार्म नावाची विटांच्या मातीची खाण आहे. १९९९ साली तिच्या कडेला लाकडी खांबांची टोके दिसली. परीक्षणाचे खड्डे घेतले आणि २०१५-१६ मध्ये पूर्ण उत्खनन झाले. सरकारी वारसा संस्था आणि वीट कंपनी यांनी मिळून सुमारे ११ लाख पौंड खर्च उचलला. निघाले काय, तर इ. स. पूर्व ८५० च्या सुमारास जळून पाण्यात कोसळलेली घरे, भांड्यांत अन्न तसेच, आणि कापड! जवसाच्या झाडाचा बारीक सूत, सुताच्या गुंडाळ्या, विणलेल्या तलम कापडाचे जळके तुकडे. मी सगळी जिंदगी सूत चिमटीत धरून पाहण्यात घालवली. त्या तुकड्यांचे फोटो पाहून मी दुकानात मिनिटभर काही बोललो नाही.

आपल्याकडेही असा धागा आहे. नेवासे येथे तीन हजार वर्षांहून जुन्या एका लहान मुलाच्या पुरणात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मण्यांच्या भोकांत दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते. त्यात कापूस आणि रेशीम असल्याचे ए. एन. गुलाटी यांनी १९६१ साली नोंदवले. मण्याच्या भोकातला धागा फावड्याने खणणाऱ्याला दिसत नाही, डोझरला तर नाहीच.

मित्राचा सौदा शेवटी झाला, पण निराळ्या अटीवर. बयाणा दिला तो दोन एकरांपुरता. उंचवट्याचा कोपरा मोजणीच्या नकाशात वेगळा काढून बाहेर ठेवला आणि खाणीची कड त्यापासून चांगली दूर धरली, म्हणजे सुरुंगाचा हादरा आणि टिप्परचा रस्ता दोन्ही तिकडे जाणार नाहीत. माती काढायच्या दिवसांत काही निघाले तर तेवढ्या जागी काम थांबवून दुसऱ्या बाजूने चालू ठेवायचे, आणि त्या दिवसांचे भाडे मालकाने मागायचे नाही, हे स्टँपपेपरवर लिहून घेतले. मालकाने कुरकुर केली, भाव थोडा वाढवून मागितला, मग मान्य केले. फोटो आणि गट नंबर पुरातत्त्वाच्या एका जाणकारांकडे पाठवले आहेत, पाऊस संपला की येऊन पाहतो म्हणाले. कोपऱ्याभोवती चुन्याची रेघ ओढली आहे, आणि म्हाताऱ्याने आत तूर पेरली आहे.